साउंडचेक : बँडसाठी ॲम्प कितीचा घेऊ?

या वेळी आलेली निम्मी पत्रं ॲम्पवरचीच आहेत. गणपती आणि कॉलेजचे फेस्ट जवळ आले की दरवर्षी हे होतंच, त्यामुळे पेडल आणि तारांवरचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो, रागावू नका.

प्रश्न : दादा, आमचा पाच जणांचा बँड आहे, दोन गिटार, बेस, ड्रम आणि गाणारी. पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहोत. माझ्याकडे १५ वॉटचा छोटा ॲम्प आहे, घरी तो इतका मोठ्याने वाजतो की बाबा दार ठोठावतात, पण मागच्या महिन्यात एका कॅफेत पहिला शो केला आणि ड्रम सुरू झाल्यावर मला माझीच गिटार ऐकू येईना. फुल्ल केला तर आवाज फाटायला लागला. आता एक मित्र म्हणतो १०० वॉटचा ट्यूबच (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा) घे, दुसरा म्हणतो ॲम्पबिम्प सोड, प्रोसेसर (गिटारचे इफेक्ट आणि ॲम्पचे आवाज एकाच डब्यात देणारं मशीन) घे आणि डायरेक्ट मिक्सरला लाव. बजेट ३५ हजार, सेकंडहँड चालेल. काय घेऊ?
– एक वाचक, पुणे

उत्तर : अरे, आधी मला एक सांग, तुझा ॲम्प नक्की ऐकायचाय कोणाला? तुला, ड्रमरला, की शेवटच्या टेबलावर कॉफी पीत बसलेल्या माणसाला? हे ठरलं की निम्मी खरेदी झाली समज, आणि बहुतेक पोरं नेमकं हेच न ठरवता दुकानात जातात.

कॅफेत काय असतं, दोन बॉक्स असतात, त्यातून फक्त गाणं जातं, गिटारचा ॲम्प स्वतःच सगळ्या खोलीला पुरावा लागतो. फेस्टच्या स्टेजवर उलटं, तिथे तुझ्या ॲम्पसमोर माइक लागतो आणि लोकांपर्यंत आवाज नेतो तो साउंडवाला, तुझ्या ॲम्पनं फक्त तुला आणि ड्रमरला ऐकवायचं असतं. म्हणजे तुझा सगळ्यात अवघड शो हा मोठ्या मैदानावरचा नसून कॅफेतलाच आहे, आणि तिथे १०० वॉट लावलास तर दुसऱ्या गाण्याला मॅनेजर येऊन उभा राहील.

१०० वॉटचं हे खूळ आलं कुठून तेही ऐक. साठच्या दशकात पीए (लोकांपर्यंत आवाज नेणारी साउंड सिस्टिम) म्हणजे जेमतेम गाण्यापुरता, गिटारला माइक लावून लोकांपर्यंत न्यायची सोयच नव्हती, मग ॲम्पच मोठे करायचे. १९६५ साली न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्सपुढे ५५ हजार लोक होते, व्हॉक्स या कंपनीनं त्यांच्यासाठी १०० वॉटचे ॲम्प केलेले, तरी पोरींच्या किंचाळण्यापुढे ते कुठल्या कुठे गेले. त्याच सुमाराला द हू या बँडच्या मागणीवरून लंडनच्या जिम मार्शलनं १०० वॉटचे ॲम्प काढले. म्हणजे ते त्या काळच्या अडचणीवरचं औषध होतं, आपल्याला तो आजारच नाहीये आणि आपण औषध मात्र मागतोय.

आता वॉटचं गणित. १५ चे ३० वॉट केलेस तर आवाज वाढतो ३ डीबी (डेसिबल), म्हणजे कळेल इतकाच, दुप्पट वगैरे अजिबात नाही. कानाला दुप्पट वाटायला वॉट दसपट लागतात, साधारण १५० वॉट. आणि यात स्पीकर किती कामाचा आहे ते कोणी विचारतच नाही. स्पीकरच्या मागे किंवा त्याच्या माहितीत सेन्सिटिव्हिटी लिहिलेली असते, ९७ डीबी, १०० डीबी अशी, तर ९७ वाला काढून १०० वाला बसवला की एक वॉटही न वाढवता वॉट दुप्पट केल्यासारखंच झालं. तुझ्या घरच्या ॲम्पमध्ये बहुतेक सहा किंवा आठ इंची स्पीकर असणार, तोही छोट्या खोक्यात. व्हॉक्सचा एसी१५ पण १५ वॉटचाच आहे, पण ट्यूबचा आणि १२ इंची स्पीकरचा, तो ड्रमरला आरामात पुरतो. ट्यूबचे वॉट काही वेगळ्या जातीचे नसतात हां, फक्त ट्यूब ॲम्प त्याच्या मर्यादेपलीकडे ढकलला तरी कानाला गोड लागतो आणि साधा ट्रान्झिस्टरवाला तिथे कर्कश फाटतो म्हणून आपण त्याला आधीच थांबवतो, बाकी जादू काही नाही.

पण माझा अंदाज विचारशील तर तुझा घोटाळा वॉटपेक्षा नॉबमध्ये जास्त झालाय. घरी कमी आवाजात वाजवताना सगळेच बेस वाढवतात, ट्रेबल वाढवतात आणि मिड खाली पाडतात, कारण कमी आवाजात आपल्या कानाला खालचे आणि वरचे सूर कमी ऐकू येतात (फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलंय). एकट्यानं वाजवलं की ते भारी वाटतं. स्टेजवर मात्र खालची जागा बेस गिटार आणि किक ड्रमनं घेतलेली असते, वरची सिंबल्सनी, आणि तुझी जी मधली जागा, साधारण ५०० हर्ट्झ ते ३ किलोहर्ट्झ, ती तू स्वतःच रिकामी करून ठेवलेली असतेस. मग ऐकू काय येणार, कप्पाळ? पुढच्या प्रॅक्टिसला बेस निम्म्यावर आण, मिड वर घे, गेन (आवाज फाडणारा नॉब) एरवीपेक्षा कमी ठेव. एकट्यानं ऐकशील तर नाकात बोलल्यासारखं वाटेल, वाटू दे, बँड सुरू झाला की गिटार अशी पुढे येईल की दुसरा गिटारवाला विचारेल नवीन ॲम्प घेतलास का. त्यालाही सांग की दोघांनी एकाच जागी बसायचं नाही, एकानं थोडं जाड, एकानं थोडं पातळ.

दुसरी गंमत म्हणजे ॲम्प ठेवतात कुठे, तर जमिनीवर, आपल्या पोटऱ्यांमागे. १२ इंची स्पीकरचे वरचे सूर टॉर्चसारखे सरळ जातात, म्हणजे तू गुडघ्यांना ऐकवतोयस आणि पहिल्या रांगेतल्या माणसाच्या कानात खिळे ठोकतोयस. तुला ऐकू येत नाही म्हणून तू वाढवणार, साउंडवाला म्हणणार कमी कर, आणि शो संपेपर्यंत हीच भांडणं. कोल्ड्रिंकचा प्लॅस्टिकचा क्रेट आण, त्यावर ॲम्प ठेव आणि पुढून किंचित वर तिरका कर, तोंड तुझ्या कानाकडे. फुकटात मिळणारी यापेक्षा मोठी अपग्रेड मला तरी माहीत नाही.

मी स्वतः हे सगळं ठेचा खाऊन शिकलोय. कॉलेजात असताना एका गॅदरिंगला आम्ही हौसेनं १०० वॉटचा हेड (स्पीकर नसलेला ॲम्प) आणि चार स्पीकरचं कॅबिनेट भाड्यानं आणलं, टेम्पोचं भाडं वेगळं. व्हॉल्यूम दोनच्या वर गेलाच नाही, दोनवर तो ॲम्प अगदी मुळमुळीत वाजतो, आणि तेवढ्यातही साउंडवाल्यानं माझा माइकच बंद करून टाकला कारण मी एकटाच सगळ्या हॉलला पुरून उरत होतो. त्यानंतर बरीच वर्षं फेंडरचा ट्विन रिव्हर्ब वाजवला, आवाज असा की डोळ्यांत पाणी यावं, वजन २९ किलो. एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या हॉटेलात लिफ्ट बंद होती. मी आणि ड्रमर एकेका जिन्यावर थांबत वर नेला आणि वर गेल्यावर माझी बोटं इतकी थरथरत होती की पहिली दोन गाणी बार कॉर्डच लागेना. तेव्हापासून कोणी ॲम्प विचारला की मी आधी विचारतो, घरात जिना आहे का, गाडी आहे का.

तर आता मुद्द्यावर. ३५ हजारात, पाच जणांच्या बँडला, कॅफे आणि फेस्ट दोन्हीसाठी, मी १२ इंची स्पीकरचा ५० वॉटच्या आसपासचा मॉडेलिंग कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात, वेगवेगळ्या ॲम्पचे आवाज काढणारा) घेईन. बॉसचा कटाना ५० हे यातलं सगळ्यात जास्त दिसणारं नाव, बारा किलोच्या आत वजन, म्हणजे एका हातात ॲम्प आणि पाठीवर गिटार घेऊन रिक्षात बसता येतं. अर्ध्या वॉटवर आणायची सोय आहे म्हणजे बाबाही खूश, आणि मागे हेडफोनच्या जॅकमधून थेट मिक्सरला आवाज देता येतो, फेस्टला माइक कमी पडले तर तेच कामाला येतं. किंमती सारख्या हलतात, घेताना दोन-तीन ठिकाणी विचार. सेकंडहँडमध्ये रोलंडचे जुने क्यूब ६०, क्यूब ८० किंवा पीव्हीचा बँडिट मिळाला तर बिनधास्त बघ, दिसायला ओबडधोबड असतात पण मरत नाहीत. ट्यूबचा मोह मी समजू शकतो, पण नवा ४० वॉटचा ट्यूब कॉम्बो तुझ्या बजेटात बसत नाही, आणि ट्यूब बदलून बायस करून (म्हणजे ट्यूबचा करंट जुळवून) देणारा माणूस हाताशी नसेल तर तो ॲम्प फेस्टच्या आदल्या दिवशी रडवतो.

आणि विकत घ्यायच्या आधी जॅमरूमचा (सरावासाठी तासावर भाड्यानं मिळणाऱ्या खोलीचा) फायदा घे. वेगवेगळ्या जॅमरूममध्ये वेगवेगळे ॲम्प असतात, रोलंडचा जेसी-१२० तर कुठे ना कुठे भेटतोच (१९७५ पासून येतोय, पूर्ण ट्रान्झिस्टर, क्लीन आवाज काचेसारखा, डिस्टॉर्शन मात्र स्वतःचं पेडल लावून). एकेक तास बुक कर, अख्खा बँड घेऊन जा, ड्रमरला नेहमीसारखं बडवायला सांग. दुकानात एकट्यानं खुर्चीवर बसून वाजवलेला ॲम्प आणि बँडमधला ॲम्प हे दोन वेगळे प्राणी आहेत. सेकंडहँड घेताना अर्धा तास चालू ठेव, प्रत्येक नॉब फिरवून खरखर ऐक, प्रत्येक जॅकमध्ये वायर हलवून बघ, जळका वास येतोय का बघ, स्पीकरवर टॉर्च मारून कागद कुठे फाटलाय का ते पण. गिटार स्वतःची ने.

फेस्टला माइक लावतील तेव्हा मधे मधे करू नकोस, पण एवढं बघ की माइक स्पीकरच्या बरोबर मध्यभागी रोखलाय की थोडा बाजूला. मध्यावर आवाज टोकदार, कडेला बोथट, मधोमध आणि कडेच्या मधली कुठली तरी जागा चांगली लागते. लावतील तो बहुतेक शुअरचा एसएम५७ असेल, १९६५ पासून तेच चाललंय.

प्रश्न : नमस्कार. मी पंचवीस वर्षं ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो, लग्न, वाढदिवस, गणपती, जत्रा सगळं. आता ॲम्प नेणं बंद केलं, प्रोसेसर थेट मिक्सरला देतो. क्लीन आवाज छान येतो पण डिस्टॉर्शन लावलं की बॉक्समधून गांधीलमाशी घोंगावल्यासारखं येतं. घरी ॲम्पवर तोच पॅच (साठवून ठेवलेली सेटिंग) चांगला वाजतो. प्रोसेसर खराब आहे का?
– एक वादक, सांगली

उत्तर : नाही हो दादा, प्रोसेसर ठणठणीत आहे, मधून स्पीकर गायब झालाय एवढंच. गिटारच्या ॲम्पचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं काही फारसं बाहेर सोडतच नाही, म्हणजे तो एक गाळणीच आहे. डिस्टॉर्शनमध्ये वरचे सूर प्रचंड तयार होतात, ॲम्पवर ते गाळले जातात, पण साउंडवाल्याच्या बॉक्समध्ये हॉर्न असतो, तो सगळं जसंच्या तसं लोकांच्या कानात ओततो, तीच तुमची गांधीलमाशी.

प्रोसेसरमध्ये कॅबिनेट किंवा स्पीकर सिम्युलेशन नावाचं काहीतरी असेल, ते चालू करा. बऱ्याच मशीनमध्ये आउटपुट कशाला जोडलंय ते विचारणारी सेटिंग असते, ॲम्प की लाइन, घरी ॲम्पला लावताना तुम्ही ती ॲम्पवर ठेवली असणार आणि तशीच मांडवात गेली. मिक्सरला जाताना लाइन, घरी परत ॲम्प. मशीन फारच जुनं असेल आणि ही सोय नसेल तर मिक्सरवाल्याकडून तुमच्या चॅनेलचं ५-६ किलोहर्ट्झच्या वरचं कापून घ्या आणि ८०-१०० हर्ट्झच्या खालचंही, त्यानंही खूप फरक पडतो.

स्टेजपासून मिक्सर वीस-तीस मीटर लांब असेल तर साधी गिटारची वायर तिथपर्यंत ओढू नका, डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल लांबच्या वायरसाठी तयार करून देणारा छोटा डबा) मागा, नाहीतर स्वतःचा एक घेऊन ठेवा, खिशात मावतो. स्टिरिओचे दोन जॅक असतील तर मोनो लिहिलेला वापरा. सगळ्या पॅचचे आवाज घरी हेडफोनवर जुळवले असतील तर ते मांडवात जुळणार नाहीत, कार्यक्रमाआधी मोठ्या बॉक्सवर एकदा पाच मिनिटं तेवढंच करून घ्या. सोलोच्या पॅचला ३-४ डीबी जास्त आणि मिड थोडा वर, म्हणजे बासरीवाला आणि कीबोर्डवाला दोघं वाजवत असले तरी तुकडा वर येतो.

एक मात्र सांगतो, ॲम्प बंद केलात तर स्वतःला ऐकायची सोय गेली, ती मागून घ्यायला लाजू नका. गायकापुढे दोन-दोन मॉनिटर आणि गिटारवाला अंदाजपंचे, हे आपल्याकडे नेहमीचंच. छोटा पॉवर्ड स्पीकर स्वतःचा ठेवलात तर कुणाच्या विनवण्या नकोत. बाकी तुम्ही ॲम्प नेणं सोडलंत ते माझ्या मते बरोबरच केलंत, उघड्या मैदानावर रात्री दहाला साउंड बंद करायचा असतो, २००० सालापासून नियमच आहे तसा, आणि आधी सत्कार आणि भाषणं लांबतात, त्यात ॲम्पला माइक लावून चेक करायला वेळ देतो कोण.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असतो, इथल्या मंडळाच्या गणपतीत आमचा हौशी बँड वाजवतो. पुढच्या वर्षी कायमचा ठाण्याला परत येतोय. माझा ट्विन रिव्हर्ब सोबत आणू का? तिकडे ट्रान्सफॉर्मर लावून चालेल ना?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : वर ट्विनचं वजन लिहिलंच आहे, २९ किलो, आणि विमानात इकॉनॉमीच्या एका बॅगेला बहुतेक २३ किलोच देतात. म्हणजे सामान कंटेनरनं येणार असेल तरच पुढचं वाचा.

तिकडे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, इकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. नुसता प्लग बदलून लावलात तर नशीब चांगलं असेल तर फ्यूज जाईल. ॲम्पच्या मागे किती वॉट वीज खातो ते लिहिलेलं असतं, ते आउटपुटच्या ८५ वॉटपेक्षा बरंच जास्त असतं, त्याच्या किमान दीडपट क्षमतेचा स्टेपडाउन घ्या आणि अर्थिंगची तिसरी तार त्यातून पुढे जातेय ना हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, स्वस्तातल्या डब्यांत ती मधेच तुटलेली असते. ५० हर्ट्झवर फक्त ६० साठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर थोडा जास्त तापतो. काही ॲम्पच्या आत दोन्ही व्होल्टेजच्या तारा काढलेल्या असतात, चांगला टेक्निशियन ते बदलून देतो, पण हे उघडून बघितल्याशिवाय कळत नाही. आणि ट्यूब ॲम्प स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आत जीवघेणं व्होल्टेज साठून राहतं.

माझं मत विचाराल तर तो तिकडेच चांगल्या घरी द्या आणि पेडल घेऊन या. ज्यांच्या ॲडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय ते इकडे नुसता प्लग बदलून चालतात, ज्यावर फक्त १२० आहे तो तिकडेच सोडा. मन तुटतं माहितीये. मी माझा ट्विन दिला तेव्हा महिनाभर त्या कोपऱ्यात दुसरं काही ठेवलं नव्हतं.

प्रश्न : गिटार वाजवत गाताना ओठ माइकला लागले की सणकन करंट बसतो. सगळे म्हणतात होतं असं, रुमाल गुंडाळ माइकला. खरंच चालतं का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही, आणि हे हसण्यावारी नेऊ नकोस. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्झीला स्टोन द क्रोज या बँडचा गिटारिस्ट लेस्ली हार्वी यानं हातात गिटार असताना माइकला हात लावला आणि तो स्टेजवरच गेला.

होतं काय, गिटारच्या तारा ब्रिजमधून वायरमार्फत ॲम्पच्या पत्र्याला जोडलेल्या असतात, आणि माइकची जाळी मिक्सरच्या अर्थला. ॲम्प एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्या, त्यातल्या एकाला अर्थच नाही किंवा कुणीतरी तीन पिनचा प्लग बसत नाही म्हणून मोठी पिन कापून टाकलेली, की मग दोघांत फरक पडतो आणि तो तुझ्या ओठांतून पूर्ण होतो. ओल्या स्टेजवर, घामेजलेल्या हातांनी, कोकणातल्या पावसात तर विचारूच नकोस.

स्टेजवरचं सगळं आणि मिक्सर एकाच, अर्थ असलेल्या लाइनवर घ्यायला लाव. मल्टिमीटर ठेव जवळ, एसी व्होल्टवर लावून एक टोक गिटारच्या तारेला आणि एक माइकच्या जाळीला, दोन-चार व्होल्टच्या वर काही दाखवलं तर दुरुस्त होईपर्यंत गाणं सुरू करायचं नाही, भले समोर आमदार बसलेले असोत. मंडळाच्या इलेक्ट्रिशियनला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) बसवायला सांग. माइकवरचा रुमाल किंवा स्पंज फक्त चटका लपवतो, मूळ दोष तसाच राहतो. डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं ते गुणगुण घालवायला खुशाल दाब, ते सिग्नलच्या तारेपुरतं असतं, पण ॲम्पच्या प्लगची अर्थ पिन कोणी कितीही सांगितलं तरी काढायची नाही.

प्रश्न : बेस गिटार गिटारच्या ॲम्पला लावली तर चालेल का? आमचा बेसवाला म्हणतो चालते.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : ॲम्प कोणाचा आहे, तुझा ना? मग चालत नाही. गिटारची सगळ्यात खालची तार ८२ हर्ट्झवर, बेसची ४१ वर, तेवढं खाली जायला गिटारचा स्पीकर बनलेलाच नसतो. खोलीत हळू आवाजात सूर पाठ करण्यापुरतं ठीक, ड्रमसोबत वाढवलास तर कागद फाटेल. त्याच्याकडे ॲम्प नसेल तर बेस डीआयमधून पीएला द्या. उलटं मात्र करता येतं, गिटार बेसच्या ॲम्पला लावली तर काही बिघडत नाही, क्लीन आवाज तर कधीकधी झकास येतो, त्याला विचार तो देतोय का.